फीनिक्सला ताईकडे गाडीने: आय-१० वरचे किरकोळ घोळ (तुमचेही लिहा)

कोपऱ्यातली खिडकी

नाताळच्या सुट्टीत लॉस एंजेलिसहून फीनिक्सला ताईकडे जाऊन आलो. अंतर साधारण ३७० मैल, रस्ता एकच: आय-१० (इंटरस्टेट १०) हा हायवे. वळण चुकायलासुद्धा वाव नाही. तरी इतके घोळ झाले की घरी येऊन बॅगा उघडायच्या आधी लिहायला बसलेय. शोधायला गेलं की 'वाळवंटात मरता मरता वाचलो' छापाचं पुष्कळ सापडतं. जिवावर बेतत नाही पण दिवसाचा पार विचका करतं, अशा गोष्टींबद्दल फारसं कुणी लिहीत नाही.

गाडीत मी, नवरा, दोन मुलं आणि भारतातून आलेले आईबाबा. बाबा पुढे, कारण त्यांना 'रस्ता बघायचा' होता.

पहिला घोळ वाळवंट लागायच्या आधीच. सॅन गोर्गोनिओ खिंडीत पवनचक्क्यांची रांगच्या रांग आहे. दोन्ही बाजूंना दहा हजार फुटांच्या वरचे डोंगर आणि मधल्या फटीतून समुद्राकडची गार हवा तापलेल्या वाळवंटाकडे घुसते. म्हणून तर तिथे चक्क्या उभ्या केल्यात. बाबांना फोटो हवा होता. गाडी थांबल्याबरोबर त्यांनी दार उघडलं आणि वाऱ्याने ते त्यांच्या हातातून अक्षरशः ओरबाडून घेतलं. टोपी उडाली ती उडालीच. दार मागे इतक्या जोरात गेलं की तेव्हापासून उघडताना 'कट्ट' आवाज येतो. नवरा रोज सकाळी तो आवाज मुद्दाम ऐकून बघतो, काही बोलत नाही.

दुसरा घोळ गॅसचा, म्हणजे पेट्रोलचा. ॲरिझोनात गॅस स्वस्त. कॅलिफोर्नियात कर जास्त आणि पेट्रोलचं मिश्रणही खास इथल्या नियमांचं, त्यामुळे गॅलनमागे चांगलाच फरक पडतो. नवऱ्याचं तत्त्व असं की कोलोरॅडो नदी, म्हणजे राज्याची सीमा, ओलांडेपर्यंत टाकीत अगदी लागेल तेवढंच. वाटेतल्या इंडिओ शहरात मी म्हटलं भरूया. गाडीचा आकडा म्हणत होता, नदीपर्यंत जाऊन वर उरेल. पण तो आकडा मागच्या सपाट रस्त्यावरच्या सरासरीवर काढलेला. इंडिओ-कोचेलाचा भाग समुद्रसपाटीच्याही खाली आहे आणि तिथून शिरियाको समिट या माथ्यापर्यंत सतराशे फूट चढ. भरीला समोरून वारा. आकडा इतक्या भराभर उतरायला लागला की मागे आईने स्तोत्र सुरू केलं. शेवटी समिटवरच्या एकुलत्या एक पंपावर, सगळ्यात महाग दराने, टाकी फुल्ल. तिथेच जनरल पॅटनच्या नावाचं संग्रहालय आहे. १९४२ मध्ये आफ्रिकेतल्या लढाईसाठी सैन्याला या वाळवंटात तयार करत होते, त्याची आठवण. बाहेर रणगाडे मांडलेत. बाबांनी प्रत्येक रणगाड्याची पाटी वाचली. प्रत्येक.

तिसरा, डेझर्ट सेंटरच्या पुढे नेटवर्क गेलं. ताईला लोकेशन शेअर केलेलं, तो ठिपका तिथेच अडकला. नदीकाठचं ब्लाइथ गाव जवळ आल्यावर फोन जिवंत झाला आणि एकापाठोपाठ एक मेसेज कोसळायला लागले. ताई, जिजू, ताईची शेजारीण, आणि भारतातून मामा! तिकडे तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते.

चौथा, वेळेचा. भाचीचा वाढदिवस, केक पाचला. डॅशबोर्डवरच्या घड्याळाप्रमाणे आम्ही वेळेत होतो. पण ॲरिझोना घड्याळं मागेपुढे करतच नाही. त्यामुळे उन्हाळ्यात दोन्ही राज्यांची वेळ सारखी असते आणि हिवाळ्यात ॲरिझोना एक तास पुढे. आम्ही याआधी नेहमी उन्हाळ्यात गेलेलो, म्हणून हा तास कुणाच्या डोक्यातच नव्हता. दारात पोचलो तेव्हा भाची फ्रॉक बदलून पायजम्यात.

परतीचे घोळ वेगळे. निघायच्या दिवशी सकाळी कडाक्याची थंडी आणि टायरचा पिवळा दिवा लागलेला. टायर बघितले तर ठीक. तासाभराने दिवा आपोआप गेला. कुणाला माहीत असेल तर सांगा.

वाटेत जोशुआ ट्री नॅशनल पार्कच्या दक्षिणेकडच्या फाटकातून आत शिरलो, चोया निवडुंगांची बाग बघायला. चोया म्हणजे लांबून अगदी मऊ, लव असलेलं, लाडाने हात फिरवावा असं दिसणारं झाड. पायवाटेवर त्याचे तुटलेले गोळे पडलेले असतात. धाकट्याने एकाला लाथ मारली. गोळा बुटाला चिकटला. त्याने दुसऱ्या पायाने तो काढायला बघितला, तर काटे मोज्यातून घोट्यात. मी घाईघाईने हाताने ओढायला गेले आणि गोळा माझ्या बोटांना. त्या काट्यांच्या टोकाला मागे वळलेल्या बारीक आकड्या असतात, ओढलं की कातडी काट्याबरोबर तंबूसारखी वर येते. मुलगा रडतोय, मी हात हवेत धरून उभी, नवरा इंटरनेटवर उपाय शोधतोय आणि तिथे नेटवर्क नाही. मागून एक आजीबाई आल्या, पर्समधून साधा कंगवा काढला, दाते गोळा आणि बोट यांच्या मधे सरकवले आणि एक झटका. गोळा उडून लांब पडला. 'माणसांपासून लांब उडवायचा,' एवढंच म्हणाल्या. उरलेले काटे आईच्या बटव्यातल्या चिमट्याने काढले.

आणि शेवटचा घोळ संत्र्यांचा. या बागेच्याही आधी, नदी ओलांडून कॅलिफोर्नियात शिरताना ब्लाइथला शेती खात्याचं तपासणी नाकं लागतं. ताईच्या अंगणातल्या झाडाची संत्री, मोठी पिशवी भरून, सगळ्या बॅगांच्या खाली. खिडकीशी बाई आली, हसून विचारलं, फळं, झाडं काही आहेत का? नवऱ्याने तोंड उघडायच्या आत बाबा अभिमानाने म्हणाले, "येस येस, ऑरेंज! व्हेरी स्वीट!" गाडी बाजूला घ्यायला लावली. सगळ्या बॅगा बाहेर. संत्री गेली.

तुमचे काय किस्से?

जुना टायर

दिवा का लागला ते सांगतो. तापमान १० अंश फॅरनहाइट उतरलं की टायरमधल्या हवेचा दाब साधारण १ पीएसआय (दाबाचं माप) कमी होतो. तुम्ही बहुतेक एखाद्या उबदार दुपारी हवा भरली असणार. फीनिक्सची डिसेंबरातली पहाट आणि ती दुपार यांत तीस-चाळीस अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे ३-४ पीएसआय गेले. गाडी चालली, टायर तापले, दाब वर आला, दिवा गेला. पण हवा कमी आहे हे खरंच. गाडीच्या दारावर जो आकडा लिहिलेला असतो तो थंड टायरचा. सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजा.

उन्हाळ्यात याच्या उलट होतं आणि ते जास्त वाईट. माझ्या मेव्हण्याने जुलैत ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटला थांबून टायर मोजले, आकडा वर दिसला म्हणून 'जास्तीची' हवा सोडून दिली. टायर गार झाल्यावर ती कमी पडणार हे उघड आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि भर दुपारी ७५ मैलांच्या वेगाने फुटतो. त्याचा फुटला. मग कळलं की स्टेपनी डिकीच्या तळाशी आहे आणि तिच्यावर सहा जणांचं सामान. रस्त्याच्या कडेला बायकोच्या साड्यांची बॅग, मुलांच्या पोहण्याच्या ट्यूबा, सासूबाईंना न्यायचा मिक्सर, सगळं मांडलं. स्टेपनी काढली, तर तिच्यातही हवा नाही.

नव्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी नसतेच, नुसती पंक्चरची बाटली आणि छोटा पंप असतो. निघायच्या आधी डिकी उचलून बघा.

सहजच आले

बाबांचं 'व्हेरी स्वीट' वाचून हसून हसून वाट लागली. 😄 पण गंमत अशी की आम्ही दर वेळी जातो आणि त्या नाक्यावर आम्हाला हात करून पुढे सोडतात. कधी थांबवलंच नाही.

बागेश्वरी

कधी सोडतात, कधी विचारतात. कॅलिफोर्नियाच्या सीमांवर अशी १६ नाकी आहेत. घरच्या झाडाचं लिंबूवर्गीय फळ असलं की विषय संपला. कारण सांगते, म्हणजे राग कमी येईल. एक बारीक किडा आहे, सिट्रस सिलिड. तो लिंबू-संत्र्यांच्या झाडांना एक रोग लावत फिरतो. त्यात फळ हिरवट, वाकडं आणि कडू होतं, झाड काही वर्षांत मरतं, आणि त्यावर औषध नाही. किडा कॅलिफोर्नियात २००८ मध्ये सापडला, रोग २०१२ मध्ये. फ्लोरिडाच्या बागांची त्याने काय दशा केली ते सगळ्यांनी पाहिलंय.

आणि आपल्या लोकांसाठी खास सूचना: हाच किडा कढीपत्त्यावरही राहतो. त्यामुळे बहिणीने प्रेमाने कुंडीत लावून दिलेलं कढीपत्त्याचं रोप किंवा ओल्या टिश्यूत गुंडाळलेली डहाळी, दोन्ही नाही. माझं रोप असंच गेलं. माझ्या मांडीवर होतं, लपवायचा प्रश्नच नव्हता. ती बाई रोपाशी इतकी हळुवार वागली की मला रडूही फुटेना.

कोपऱ्यातली खिडकी

@जुना टायर, आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो 'मला माहीतच होतं' म्हणाला.

@बागेश्वरी, बाई आमच्याशीही चांगलीच वागली. बाबांनी तिला संत्री कशी लागतात ते समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि पिशवी घेतली.

चौथा गिअर

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. विमानाने दीड तासात पोचता येतं. आईबाबांना सहा तास गाडीत कोंबून न्यायची हौस मला कधी कळलेली नाही.

सहजच आले

चौथा गिअर, सहा जणांची तिकिटं, ती पण नाताळात? शिवाय विमानात मिक्सर कोण नेऊ देणार?

जुना टायर

मिक्सर चेक-इन बॅगेत जातो. पण मुद्दा मान्य. 😄

मरुभूमीतला मावळा

ओमानहून लिहितोय. वाळवंट दुसरं, घोळ तेच. मस्कतहून सलालाहला साडूंकडे दर उन्हाळ्यात जातो. हजारेक किलोमीटर आहे. आदम सोडलं की हैमापर्यंत आणि पुढे थुमरैतपर्यंत डोळ्यांना धरायला काही नाही, नुसतं सपाट. ४५ अंशांत एसी पूर्ण ताकदीवर, मुलं झोपलेली, आणि ड्रायव्हरला झोप न येऊ देणं हेच मुख्य काम.

आमचा सर्वात मोठा फजितीचा प्रसंग मात्र उन्हाचा नाही, पावसाचा. जून ते सप्टेंबर सलालाहच्या डोंगरांवर खरीफ असतो, म्हणजे मॉन्सूनचं धुकं आणि झिमझिम. थुमरैत मागे पडलं की घाट उतरताना काही मिनिटांत रखरखीत वाळवंटातून तुम्ही ढगात शिरता. पहिल्यांदा गेलो तेव्हा काचेवर आठशे किलोमीटरची धूळ. मी वायपर चालू केला. मस्कतच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे वायपर, रबर वाळून कडक झालेलं. पहिल्याच फेरीत रबराची पट्टी निसटून लोंबायला लागली आणि धुळीचा झाला चिखल. समोर धुकं, काचेवर चिखल, रस्ता घाटाचा. पाणी मारायला गेलो तर बाटलीत पाणी नाही, कारण वर्षभर कुणी ते वापरलंच नव्हतं. बायकोने खिडकीतून हात बाहेर काढून प्यायच्या बाटलीतलं पाणी काचेवर ओतत नेलं, मी दहाच्या वेगाने. साडू फाट्यावर वाट बघत उभे होते. म्हणाले, 'ढोल-ताशे वाजवून आणायचं राहिलं फक्त.'

तेव्हापासून निघायच्या आधी नवे वायपर. तेलाचं इतकं बघत नाही जितकं वायपरचं बघतो.

आणि उंट. दिवसा मजा, रात्री नाही. पाय लांब, धड उंचावर. गाडीची धडक पायांना बसते आणि धड सरळ काचेवर येतं. रंगही वाळूचा, हेडलाइटमध्ये शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. म्हणून अंधार पडल्यावर आम्ही गाडी चालवतच नाही, हैमाला मुक्काम.

बागेश्वरी

उंटावरून आठवलं. ॲरिझोनातही एके काळी उंट होते! १८५० च्या दशकात अमेरिकन सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणून पाहिले, आणि त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा उंटवाला आला. इथल्या लोकांना नाव जमेना म्हणून त्याचा 'हाय जॉली' झाला. क्वार्टझसाइटच्या स्मशानात त्याची समाधी आहे, दगडी पिरॅमिड आणि वर धातूचा उंट. आय-१० वरून दोन मिनिटांवर. पाय मोकळे करायला फार छान जागा.

कोपऱ्यातली खिडकी

हे आधी माहीत असतं तर बाबांनी तिथेही तासभर घेतला असता. बरं झालं माहीत नव्हतं.

वळवाचा पाऊस

मी टूसॉनला, भाऊ फीनिक्सला. जुलै-ऑगस्टमध्ये जाणाऱ्यांसाठी लिहितो. ॲरिझोनाचा मॉन्सून १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात. दोन गोष्टी होतात. एक धुळीची भिंत, दुसरी पाण्याची.

धूळ: राखीपौर्णिमेला भावाकडे निघालेलो, संध्याकाळचे पाच, समोर क्षितिजावर तपकिरी डोंगर दिसला. तिथे डोंगर नाही हे मला पक्कं माहीत. दोन मिनिटांत बॉनेटच्या पुढचं दिसेना. अशा वेळी रस्ता सोडून शक्य तितकं उजवीकडे, दूर थांबायचं. मग सगळे दिवे बंद, हँडब्रेक वर आणि ब्रेकवरचा पाय काढायचा. बायको ओवाळणीचं ताट मांडीवर घट्ट धरून बसली होती. पंधरा-वीस मिनिटांत वादळ सरलं आणि सगळ्यांचे दात किरकिर वाजत होते. खिडक्या बंद होत्या, पण एसी बाहेरची हवा घेत होता. तो आतल्या हवेवर टाकायचा राहून गेला.

चौथा गिअर

दिवे बंद?? हे चुकीचं आहे. थांबलेल्या गाडीचे चारही इंडिकेटर चालू ठेवायचे असतात, कोणीही सांगेल.

वळवाचा पाऊस

इतरत्र ते बरोबर. धुळीत नाही. मागून येणाऱ्याला रस्ता दिसत नसतो, तो पुढच्या लाल दिव्यांच्या मागे जातो. त्याला वाटतं तुम्ही चालताय. तो तुमच्या मागोमाग रस्ता सोडून सरळ तुमच्यावर येतो. ब्रेकवरून पाय काढायचा तो याचसाठी, ब्रेकलाइटही लागू नये म्हणून. ॲरिझोना राज्याची मोहीमच आहे त्यावर, हायवेवर पाट्याही आहेत.

चौथा गिअर

हं. तर्क पटतो. वाचलं नव्हतं कुठे.

वळवाचा पाऊस

आता पाणी. आय-१० वर दर मैल-दोन मैलांवर छोटे पूल लागतात आणि प्रत्येकावर नाव: अमुक वॉश, तमुक वॉश (वॉश म्हणजे पावसातच वाहणारा ओढा). खाली कोरडी वाळू. लोक हसतात, पाण्याचा थेंब नाही आणि पूल कशाला. जुलै २०१५ मध्ये डेझर्ट सेंटरजवळच्या टेक्स वॉशला इतकं पाणी आलं की पूर्वेकडे जाणारा पूल कोसळला आणि आय-१० दोन्ही बाजूंनी बंद झाला. फीनिक्सला निघालेले लोक वरून आय-४० ने किंवा खालून आय-८ ने वळसा घालून गेले. माझ्या चुलत बहिणीचं कुटुंब त्यात होतं. सहा तासांच्या जागी रात्री दीडला पोचले, आणि भावाने पावभाजी चार वेळा गरम केली.

गावातल्या रस्त्यांवर तर वॉशला पूलही नसतो, रस्ताच खाली उतरून वर चढतो. पाणी आलं की अडथळे लावतात. ते ओलांडून गाडी घातली आणि अडकलात तर सोडवायचा खर्च तुमच्याकडून घेतात. कायदा १९९५ चा, आणि लोकांनी त्याला ठेवलेलं नाव आहे 'मूर्ख चालक कायदा'. एवढं सरळ नाव मी दुसऱ्या कुठल्या कायद्याचं ऐकलेलं नाही.

अंगणातलं संत्रं

मीच ती ताई. बहिणीने लिंक पाठवली म्हणून खातं उघडलं. काही दुरुस्त्या.

१. मामाला मी फोन केला नाही. मामाने मला केला. कारण निघताना बाबांनी त्याला 'वाळवंटात चाललो आहे' एवढाच मेसेज टाकला आणि बॅटरी वाचवायला फोन बंद करून ठेवला.

२. शेजारणीला काळजी नव्हती. तिला केकचं किती वेळ थांबायचं ते हवं होतं, तिची मुलं भुकेली होती.

३. केक साडेपाचला कापला. अर्धा तास थांबलो होतो, ते लिहिलेलं नाही.

४. त्या पिशवीत संत्र्यांच्या खाली लिंबाचं लोणचं होतं, बरणी टॉवेलात गुंडाळलेली. ते परत मिळालं का?

कोपऱ्यातली खिडकी

ताई!! 😳 बरणी मिळाली. लोणचं त्यांनी बघितलं, बरणी परत दिली. टॉवेल मात्र तुझ्याकडून आलाय हे आत्ता कळलं, मला वाटलं हॉटेलचा.

अंगणातलं संत्रं

आपण हॉटेलात कधी राहिलो?

नवशिकी

आम्ही जूनमध्ये सासूबाईंना घेऊन जाणार आहोत. त्यांना इन्सुलिन चालू आहे. कूलरमध्ये बर्फ टाकून ठेवलं की झालं ना?

माजघर

थांबा, आमच्याकडे नेमकं हेच झालं. इन्सुलिन थेट बर्फाच्या पॅकला चिकटून राहिलं आणि गोठलं. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखं दिसलं तरी वापरायचं नसतं. न उघडलेलं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, म्हणजे फ्रिजइतकं गार ठेवायचं, त्याहून गार नाही. टॉवेलात गुंडाळून बर्फापासून वेगळं ठेवा. चालू असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या खाली काही आठवडे टिकतं. तुमच्या पेनचं डॉक्टरांना किंवा फार्मसीत विचारून घ्या. कूलर डिकीत नको, एसी लागतो तिथे पायाशी. आणि जेवायला थांबलात तर पर्समध्ये घालून आत न्या. उन्हात उभी गाडी पहिल्या दहा मिनिटांतच २० अंश फॅरनहाइटने तापते. फीनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, त्यावरून हिशोब करा. गाडीत मूल किंवा म्हातारं माणूस 'दोन मिनिटं' सुद्धा सोडायचं नाही, हे सांगायला नकोच.

बाकी आमच्याकडे वितळलेल्या वस्तू: भाचरांना नेलेले मेणाचे रंगीत खडू (सीटच्या कापडात कायमचे), नणंदेची लिपस्टिक, वाढदिवसाच्या मेणबत्त्या. सीटबेल्टच्या धातूच्या टोकाने मुलीच्या दंडावर डाग उठला, तेव्हापासून उतरताना त्यावर टॉवेल टाकतो.

सहजच आले

फोन पण! काचेला लावलेला फोन उन्हात तापून 'आधी गार होऊ द्या' असं सांगून काळा पडला, नेमकं फीनिक्सच्या उपनगरात, जिथे पहिल्यांदा वळायचं होतं. मी तो एसीच्या झरोक्याशी धरून बसले आणि नवरा 'आता कुठे, आता कुठे' करत सरळ जात राहिला. दिराचं घर मागे पडलं, टेंपी आलं. आता पत्ता कागदावर लिहून घेते.

नवशिकी

बाप रे. आणि वाटेत बाथरूम? सासूबाईंना दर दीड तासाने लागतं.

माजघर

इंडिओच्या पुढे कॅक्टस सिटी आणि ब्लाइथच्या अलीकडे वायलीज वेल अशी दोन सरकारी विश्रांतीस्थळं आहेत, पण दुरुस्तीसाठी कधी कधी बंद असतात. निघताना राज्याच्या रस्ते विभागाच्या साइटवर बघा. मधे शिरियाको समिट आहेच. 'पुढच्याला थांबू' म्हणू नका, त्यांना लागलं नसलं तरी थांबा.

जुना टायर

नवशिकी, जूनमध्ये जाताय तर बॅटरी तपासून घ्या. लोकांना वाटतं बॅटरी थंडीत मरते. थंडीत फक्त कळतं. मारते ती उष्णता. तीन वर्षं होऊन गेली असतील तर दुकानात चाचणी करून घ्या, बऱ्याच ठिकाणी फुकट करतात. शिरियाकोच्या चढावर इंजिन तापू नये म्हणून एसी बंद करायच्या पाट्या दिसतील. गाडी चांगल्या अवस्थेत असेल तर सहसा गरज पडत नाही, पण तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा. आणि शक्यतो पहाटे चारला निघा.

नवशिकी

पहाटे चारला सासूबाई तयार असतात. नवऱ्याचं कठीण आहे.

मरुभूमीतला मावळा

त्याला मागे झोपवून तुम्ही चालवा. उतरताना वायपर बदलले का ते विचारा.